वाचकांचे प्रश्न : अंगाला न बसणारे कपडे

मागच्या अंकात तयार कपडे विकत घेताना येणाऱ्या अडचणींविषयी ओघात दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर संपूर्णपणे याच विषयाला द्यावे असे ठरवले. मी अनेक वर्षे मापे घ्यायला आणि कापड बेतायला शिकवते आहे, त्यामुळे उत्तरांत शिवणकामाचा भाग जरा जास्त येईल. पण पत्रे दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले, की बहुतेकांनी शिवणीविषयी विचारायचे म्हणून लिहायला घेतले आहे आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्यात स्वतःच्या देहाबद्दल माफी मागायला सुरुवात केली आहे. ती वाक्ये मी तशीच राहू दिली आहेत. बाकी पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझे वय ३४ आहे. मागच्या महिन्यात एकाच दिवशी तीन दुकानांत ड्रेस घालून पाहिले. पहिल्या दुकानात मला एम बसला, दुसऱ्यात एक्सएल लागला, आणि तिसऱ्यात डबल एक्सएलसुद्धा खांद्यांवरून खाली उतरेना. दोन्ही हात वर, डोके आत आणि कापड दंडांवर अडकलेले, अशा अवस्थेत मी ट्रायल रूममध्ये पाच मिनिटे उभी होते. विक्रेतीने बाहेरून विचारले, "बसतोय ना?" आणि मी "हो" म्हणाले. घरी येऊन रडले. गेल्या दोन वर्षांत माझे वजन फारसे बदललेले नाही. मग माझा खरा साइज कोणता?

उत्तर : तुमचा खरा साइज कोणता या प्रश्नाला उत्तर नाही, आणि ते कुणाच्याच बाबतीत नसते. साइज ही कपड्यावरची खूण आहे आणि ती प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने लावते. तुमच्याजवळ असतात ती मापे : छाती, कंबर, सीट (नितंबांचा घेर), खांदा, दंडाचा घेर, पाठीची लांबी. ती टेपने मोजता येतात आणि दुकान बदलले म्हणून बदलत नाहीत.

तयार कपडा कसा बनतो ते थोडे सविस्तर सांगते, कारण तुमच्या त्या पाच मिनिटांचे मूळ तिथे आहे. कंपनी आधी एक शरीर निवडते. ती एखादी मॉडेल असते किंवा नुसता पुतळा असतो, आणि बहुधा मापांच्या रांगेत मधल्या जागेच्या आसपासचा असतो. नमुन्याचा कपडा त्या एका शरीरावर बेतला जातो, टाचण्या लावून दुरुस्त केला जातो, आणि मग त्याच्या कागदी आराखड्यात ठरावीक इंच वाढवत किंवा घटवत बाकीचे साइज काढले जातात. याला ग्रेडिंग म्हणतात. आता अंग भरते तेव्हा हाडे रुंदावत नाहीत; छाती चार इंचांनी वाढलेल्या बाईचा खांदा त्या हिशेबाने वाढत नाही, आणि हाताची लांबी तर मुळीच वाढत नाही. ग्रेडिंगच्या कोष्टकात मात्र खांदाही वाढतो आणि पुष्कळदा बाहीही लांबते, पण दंडाचा घेर त्या मानाने कमी वाढतो. म्हणून मोठ्या साइजचा कपडा खांद्यावरून ओघळतो आणि त्याच वेळी दंडात आवळतो, आणि घालणारीला वाटते की आपलीच ठेवण काहीतरी विचित्र आहे. ज्या शरीरावर तो कपडा बेतला गेला ते तुमच्यापासून चार-पाच पायऱ्या दूर होते, इतकाच त्याचा अर्थ.

शिवाय कारखान्यात कापडाचे अनेक थर एकावर एक रचून एकदम कापतात. खालचे थर थोडे घसरतात, शिवताना एखादी शिवण किंचित आत जाते, एखादी बाहेर राहते, आणि तपासणीत अर्ध्या इंचापर्यंतचा फरक बऱ्याचदा चालवून घेतला जातो. एकाच लेबलचे, शेजारी शेजारी टांगलेले दोन ड्रेस एकमेकांपासून इंचभर वेगळे निघतात ते यामुळे. एक बसला नाही तर त्याच साइजचा दुसरा नग मागून घ्यायचा, असा माझा स्वतःचा शिरस्ता आहे. विक्रेते वैतागतात, वैतागू द्यावे.

आकड्यांचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार स्त्रियांची मापे घेतली, प्रत्येकीची ५९. अंतिम हिशेबात फक्त गोऱ्या स्त्रियांची मापे ठेवली गेली. त्या पाहणीच्या आधारे १९५८ मध्ये स्त्रियांच्या साइजचे एक प्रमाण तिथल्या सरकारने प्रसिद्ध केले, पण ते पाळणे कंपन्यांवर बंधनकारक नव्हते, आणि १९८३ मध्ये ते मागे घेतले गेले. या काळात कंपन्यांनी एक गोष्ट ओळखली होती, ती ही की गिऱ्हाइकाला छोटा आकडा आवडतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या विक्री-कंपनीच्या १९३७ च्या यादीत ३२ इंच छातीच्या ड्रेसचा साइज १४ होता; १९६७ पर्यंत त्याच छातीला ८ म्हणू लागले आणि २०११ मध्ये शून्य. छाती ३२ इंचच राहिली. शून्याच्या पुढे काय, असा प्रश्न कुणाला पडला असेल तर त्याचेही उत्तर बाजाराने शोधले आहे : दुहेरी शून्य.

आता ट्रायल रूमकडे वळते. तुमचा तिसरा ड्रेस दंडांवर अडकला, म्हणजे त्याला बहुधा बाजूला किंवा पाठीत चेन नव्हती आणि कापड न ताणणारे होते. अशा कपड्याला हात वर केलेल्या अवस्थेत दोन्ही खांद्यांच्या आणि दंडांच्या एकत्र घेरावरून उतरावे लागते, आणि हा घेर बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत छातीच्या घेरापेक्षा बराच मोठा असतो. म्हणजे तो ड्रेस अंगावर उतरल्यानंतर कदाचित तुम्हाला व्यवस्थित बसलाही असता. त्याला आत शिरायला दारच ठेवलेले नव्हते. पुढच्या वेळी कपडा हातात घेतल्याबरोबर आधी उघडझाप कुठे आहे ते पाहा.

दुसरे असे करा, की तुमच्याकडचा एक उत्तम बसणारा कपडा टेबलावर सपाट पसरा आणि त्याची मापे घ्या : एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, कमरेवर, सीटवर, खांद्याच्या एका शिवणीपासून दुसरीपर्यंत आणि बाहीच्या सर्वांत रुंद भागावर. घेरांची मापे दुप्पट करून लिहा, खांद्याचे मात्र आहे तसे लिहा. हा कागद आणि एक टेप पर्समध्ये ठेवा आणि दुकानातला कपडा घालून पाहण्याआधी मोजा. शरीराच्या मापाशी कपड्याची तुलना करण्यापेक्षा कपड्याशी कपड्याची तुलना सोपी पडते, कारण श्वास घ्यायला, वाकायला आणि हात हलवायला लागणारी जास्तीची जागा, जिला शिंपी लूजिंग म्हणतात, ती त्यात आधीच धरलेली असते.

विक्रेतीला तुम्ही "हो" म्हणालात, त्याविषयी एक सांगावेसे वाटते. आपल्या भाषेत कपडा माणसाला बसतो किंवा बसत नाही. वाक्याचा कर्ता कपडा आहे आणि जबाबदारीही त्याचीच. पण ट्रायल रूममध्ये गेलो की आपण नकळत "मी यात मावत नाही" असे म्हणू लागतो. "हा मला बसत नाही" हे पूर्ण, खरे आणि सभ्य वाक्य आहे. ते दाराआडून मोठ्याने म्हणता येते.

प्रश्न : आदरणीय संपादक, मी ४१ वर्षांचा पुरुष आहे. पुरुषाने या सदरात असे काही विचारावे का, हे मला ठाऊक नाही. माझे खांदे अरुंद आहेत आणि पोट पुढे आले आहे. शर्ट पोटावर बसला तर खांदे कोपराकडे उतरतात आणि खांद्याला बसला तर बसताक्षणी बटणांच्या मधून बनियन दिसते. मी सरासरी उंचीचा, सरासरी बांध्याचा माणूस आहे. मग सरासरी माणसासाठी शिवलेले कपडे मला का होत नाहीत?

उत्तर : अवश्य विचारावे. पुरुषांची पत्रे या वेळी पाच आली आणि पाचही जणांनी आधी क्षमा मागितली आहे.

तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे, आणि त्यासाठी मला शिवणकाम सोडून विमानदलात जावे लागेल. १९५० मध्ये अमेरिकी हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापे घेतली, कारण जुन्या सरासरीवर बेतलेली वैमानिकाची जागा त्यांना नीट होत नाही अशी शंका होती. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने उंची, छाती, बाही यांसारखी दहा मापे निवडली, प्रत्येकाची सरासरी काढली आणि सरासरीच्या जवळपास येणारा मधला ३० टक्क्यांचा पट्टा त्या त्या मापापुरता 'सरासरी' धरला. मग दहाही मापांत या पट्ट्यात बसणारे वैमानिक किती, ते मोजले. चार हजारांहून अधिक माणसांत असा एकही निघाला नाही. कुणाचे हात लांब तर पाय आखूड, कुणाची छाती रुंद तर कंबर बारीक. नुसती तीन मापे घेतली तरी त्या तिन्हींत सरासरी असणारे साडेतीन टक्क्यांहून कमी भरत होते. यानंतर हवाई दलाने पुढेमागे सरकणाऱ्या खुर्च्या, कमीजास्त करता येणारे पट्टे आणि पेडल मागवायला सुरुवात केली. वैमानिकांनी आपले हात लांब करून यावे असे कुणी सुचवले नाही.

शर्टाच्या बाबतीत खुर्ची सरकवण्याचे काम शिंप्याकडून करून घ्यावे लागते. खांदा उसवून आत घेणे हे दुरुस्तीतले सगळ्यांत कटकटीचे काम, कारण त्यासाठी बाही पूर्ण काढून मुंढा (बाही जोडायची गोलाई) नव्याने कापावा लागतो. बाजूच्या शिवणी आत घेणे त्या मानाने सोपे. म्हणून एरवी मी खांद्याला बसणारा शर्ट घ्या असे सांगते. तुमच्या बाबतीत मात्र पोटावर कापडच कमी पडते आणि नसलेले कापड कुणालाच सोडता येत नाही, तेव्हा तयार शर्टापेक्षा मापाचा शिवून घेतलेला बरा. शिंप्याला सांगताना नुसते "पोटाला सैल ठेवा" असे म्हणू नका, कारण तसे म्हटले की तो चहूबाजूंनी घेर वाढवतो आणि पाठीत पिशवी तयार होते. जास्तीचे कापड फक्त पुढच्या दोन भागांत, पोटाच्या उंचीवर हवे आणि पुढची लांबी पाठीपेक्षा इंचभर जास्त हवी, असे सांगा. पोट पुढे असेल तर शर्टाचा पुढचा घेर वर उचलला जातो, त्याची ती भरपाई असते.

मापे देताना एकदा उभे राहून आणि एकदा खुर्चीत बसून द्या. बसल्यावर कमरेचे आणि पोटाचे माप इंच-दोन इंचांनी सहज वाढते, आणि तुमची तक्रार "बसताक्षणी" सुरू होते असे तुम्हीच लिहिले आहे. शिंप्यासमोर पोट आत ओढून उभे राहण्याचा मोह सगळ्यांना होतो. समोरचा टेप धरून थांबलेला असतो आणि आपण श्वास कोंडून. तसे माप दिले, तर शर्टही श्वास कोंडूनच घालावा लागतो.

प्रश्न : माझे वय ६६ असून पाठीला पोक आले आहे. पूर्वीचे सगळे कपडे मागून वर चढतात, पुढे लोंबतात आणि गळा सतत मागे ओढला जातो. हात पूर्ण वर जात नाहीत. आता या वयात नवीन काय शिवायचे, असे घरचे म्हणतात.

उत्तर : कपडे रोज अंगावर घालायचे असतात, तेव्हा वयाचा मुद्दा मला कळला नाही.

पोक आल्यावर पाठीची लांबी वाढते आणि पुढची कमी होते, म्हणून जुने कपडे मागे ओढतात. मानेच्या मणक्यापासून पाठीच्या उंचवट्यावरून कमरेपर्यंत आणि पुढे गळ्याच्या खोबणीपासून कमरेपर्यंत अशी दोन मापे वेगवेगळी घ्यायला सांगा. पाठ वाढवा, पुढचा भाग कमी करा आणि पाठीत गळ्यापाशी किंवा खांद्यावर लहान टक्स (शिवून घेतलेल्या चुण्या) घ्या, म्हणजे कापडाला उंचवट्यासाठी जागा मिळेल. उघडझाप पुढून आणि पूर्ण लांबीची ठेवा. बटणे मोठी, नाही तर वेल्क्रो. एक खांदा खाली असेल तर त्या बाजूला आतून पातळ पॅड टाकता येतो. तयार कपड्यांत घ्यायचेच असेल तर ज्याची बाही गळ्यापर्यंत तिरकी जाते, ती रॅग्लन बाही पाहा, कारण तिला खांद्याची ठरावीक जागा नसते आणि खाली आलेला खांदा तिच्यात सामावून जातो.

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची आहे. सहा महिन्यांपासून ती कोणत्याही ऋतूत एकच मोठे, काळे, टोपीचे जॅकेट घालते. कपडे घ्यायला चल म्हटले की भांडण होते. मागे एका नातेवाईक बाईंनी सगळ्यांसमोर "अंगाने बरीच सुटलीस गं" असे म्हटले होते, तेव्हापासून हे वाढले आहे. तिला कसे समजवावे? मी स्वतः वजनाबाबत फार काटेकोर आहे, त्यामुळे मला तिची काळजी वाटते.

उत्तर : जॅकेटपासून सुरुवात करू. ते राहू द्या. या वयात शरीर इतक्या वेगाने आणि इतके ओबडधोबड वाढते, की ते काही काळ झाकून ठेवावेसे वाटणे समजण्यासारखे आहे. आधी तळपाय आणि हात वाढतात, मग पाय लांबतात, धड मागाहून येते. मुलींच्या बाबतीत कंबर आणि मांड्या भरतात ते या वाढीचाच भाग म्हणून. सहा महिन्यांपूर्वी घेतलेली पँट मांडीत अडकली तर मुलीला वाटते आपण बिघडलो, आणि पुष्कळदा घरचेही तसेच बोलतात. ती वाढली आहे, पँट वाढलेली नाही, इतके साधे वाक्य तिला कुणीतरी सांगितले आहे का?

दुकानात नेण्याचा आग्रह काही दिवस सोडा. तिच्या आवडीचे, पण वेगवेगळ्या साइजचे तीन-चार कपडे परत करण्याच्या अटीवर घरी आणा, लेबले आतल्या बाजूला वळवा किंवा तिची हरकत नसेल तर त्यांवर चिकटपट्टी लावा, आणि तिला तिच्या खोलीत, दार लावून, तुम्ही बाहेर बसलेल्या असताना घालून पाहू द्या. ट्रायल रूममधला डोक्यावरचा प्रखर दिवा प्रत्येक उंचवट्याखाली सावली पाडतो, तो कुणालाच शोभत नाही. १४ व्या वर्षी तर नाहीच. "कसा दिसतो?" असे विचारू नका. "हात वर होतात का, बसता येते का, खिसा आहे का?" एवढेच विचारा.

आता जे लिहिते आहे ते तुम्हाला थोडे कठोर वाटेल. मुलगी तुमचे उपदेश ऐकत नसली तरी तुमचे आरशासमोरचे बोलणे ऐकते. "हे मला आता होणार नाही", "हा रंग घातला की मी अजूनच जाड दिसते", ही वाक्ये तुम्ही स्वतःविषयी म्हणता, पण तिचा बांधा बहुधा तुमच्यावर गेला आहे, आणि ती ते स्वतःविषयी ऐकते. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडले होते, की मोजायला पक्के साधन नसेल तेव्हा माणूस स्वतःची मते आणि कुवत इतरांशी तुलना करून जोखतो. त्याच्या काळी तुलनेला शेजारी आणि वर्गमैत्रिणी होत्या. तुमच्या मुलीच्या हातातल्या फोनमध्ये हजारो निवडक, दुरुस्त केलेले चेहरे आणि देह आहेत. अशा वेळी घरातला एक तरी आरसा शांत असावा.

त्या नातेवाईक बाई पुन्हा भेटतील. तेव्हा मुलीच्या देखत, न रागावता, "तिच्या अंगाविषयी आमच्या घरात आम्ही बोलत नाही" असे म्हणा आणि विषय बदला. तुम्ही काय बोललात याहून तुम्ही तिच्या बाजूने बोललात हे तिच्या लक्षात राहील.

मात्र काही गोष्टी दिसल्या तर कपड्यांचा विचार बाजूला ठेवून वेळ न घालवता डॉक्टरांकडे आणि समुपदेशकाकडे जा : जेवण वारंवार टाळणे, जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये बराच वेळ थांबणे, वजन झपाट्याने उतरणे, पाळी बंद होणे, चक्कर येणे, व्यायामाचा अतिरेक, किंवा सर्वांसोबत जेवायला बसणे अजिबात सोडून देणे. सैल जॅकेटाखाली उतरलेले वजन लवकर दिसत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

प्रश्न : तुमच्या सदरातून आणि अन्य ठिकाणीही "शरीराचा स्वीकार करा" असे सतत सांगितले जाते. हे लठ्ठपणाला उत्तेजन देणे नव्हे काय? मोठे कपडे सहज मिळू लागले तर लोक प्रकृतीकडे लक्ष देणे सोडून देतील. स्पष्ट लिहितो, राग नसावा.

उत्तर : राग नाही. पत्रांच्या ढिगात हा प्रश्न हवाच होता.

प्रकृतीची तपासणी रक्तदाब, रक्तातील साखर, झोप, चालण्याची क्षमता अशा गोष्टींनी होते आणि ती डॉक्टरांनी करायची असते. आपण साधारणपणे ज्या कोष्टकावरून एखाद्याला लठ्ठ म्हणतो, ते उंची आणि वजनाचे गुणोत्तर १८३० च्या दशकात अडॉल्फ केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने मांडले. तो मनुष्यसमूहांच्या मापांचा अभ्यास करत होता, एकेका माणसाची प्रकृती तपासत नव्हता. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव त्या गुणोत्तराला अमेरिकी संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिले. त्या आकड्याला वजनातले स्नायू किती आणि चरबी किती हे कळत नाही. डॉक्टर तो एक प्राथमिक खूण म्हणून वापरतात, आणि तसा वापरायला माझी हरकत नाही. माझी हरकत आहे ती दुकानाच्या काचेतून पाहून निदान करणाऱ्यांना.

मोठे कपडे मिळाले नाहीत म्हणून कुणी बारीक झाल्याचे मी पाहिलेले नाही. पाहिले आहे ते वेगळे. व्यायामाला जायला अंगाला बसणारा कपडा नाही म्हणून न जाणाऱ्या बायका मला माहीत आहेत. पोहणे आवडत असूनही पोहण्याचा पोशाख मिळत नाही म्हणून वीस वर्षे पाण्यात न उतरलेली एक बाई माझ्याकडे शिकायला होती. तिने शेवटी स्वतःच ताणणारे कापड आणून पोशाख शिवला. पहिले दोन फसले, तिसरा जमला.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या थोडी जवळ आहे, निराळ्या कारणाने. स्वतःच्या शरीरावर प्रेम करा, आरशासमोर उभे राहून रोज त्याचे कौतुक करा, हा उपदेश मलाही फार पेलत नाही. आधी बारीक होण्याचे काम होते, आता प्रेम करण्याचे काम लागले, आणि ते जमले नाही तर त्याचीही लाज. स्वीकार हा शब्द मी पुष्कळ कोरड्या अर्थाने वापरते. माझी कंबर आज ३८ इंच आहे, हे लिहून घेणे आणि त्या ३८ इंचांवर कापड बेतणे म्हणजे स्वीकार. ती ३२ व्हावी असे वाटत असेल तर वाटू द्यावे, पण कापडावर खडूने ३२ ची रेघ मारू नये. मापाविषयी खोटे बोलले की कापड वाया जाते, एवढे शिवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

प्रश्न : कपाटात दहा वर्षांपूर्वीची एक जीन्स आहे. बारीक झाल्यावर घालीन म्हणून ठेवली आहे. दर काही महिन्यांनी घालून पाहते, मांडीपाशी अडकते, आणि तो दिवस वाया जातो. टाकवतही नाही. काय करावे?

उत्तर : ती रोजच्या कपाटातून आज काढा आणि एखाद्या पिशवीत घालून वर ठेवा. रोज सकाळी हात लागेल त्या जागी फक्त आजच्या अंगाला बसणारे कपडे असावेत, मग ते चारच का असेनात. निवडायला चार असले की बहुतेक सकाळी दोन मिनिटांत काम होते.

घालून पाहण्याचे दिवसही नीट निवडलेले नसतात. संध्याकाळी पोट सकाळपेक्षा फुगलेले असते, पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी साठते, आणि जीन्स धुतल्यावर आटून आखडलेली असते. या तिन्ही गोष्टी एका दिवशी आल्या तर निकाल काय लागणार ते घालायच्या आधीच सांगता येते.

माझ्याकडेही असा एक कोट होता, लग्नाआधी शिवलेला, राखी रंगाचा, आत रेशमी अस्तर. पंधरा वर्षे तो मी खुंटीवरून खुंटीवर हलवला. शेवटी एका दुपारी त्याची बाजूची शिवण उसवून आत किती कापड सोडले आहे ते पाहिले, तर शिवणाऱ्याने जेमतेम पाव इंच ठेवले होते. म्हणजे तो वाढवताच येण्यासारखा नव्हता, आणि तो शिवणारी मीच होते. तुम्ही जीन्सच्या मांडीच्या आतल्या शिवणी उलट्या करून पाहा. दोन्ही बाजूंना मिळून इंचभर कापड असेल तर शिंपी ती सोडवून देईल आणि तुम्हाला ती याच महिन्यात घालता येईल. शिवणीत कापड नसेल तर बाहेरच्या बाजूने कमरेपासून खालपर्यंत दुसऱ्या रंगाची पट्टी लावता येते, चांगली दिसते. तेही नको वाटले तर चेन, बटण आणि मागचे खिसे काढून घ्या. माझ्या कोटाच्या दोन उशा झाल्या आणि अस्तर अजून कशाला तरी लागेल म्हणून घडी घालून ठेवले आहे.